इमूची जोडी: नर-मादी ओळखण्यापासून पिल्लं निघेपर्यंत काय आधी, काय नंतर

दर वर्षी संक्रांतीच्या आसपास मला तेच फोन सुरू होतात. दादा, दोन वर्षांची जोडी आहे, खातेपिते मस्त, पण अंडं एक नाही. मग मी विचारतो की नर कुठला आणि मादी कुठली हे कसं ठरवलंत, तर उत्तर येतं "उंच आहे तो नर". नाहीतर दुसरा फोन, नर दहा दिवस जागचा हलत नाही, खात नाही, कुठलं औषध देऊ. दोन्ही फोनच्या मागे चूक एकच असते, आपण कोंबडीचं गणित इमूला, म्हणजे शहामृगासारख्या मोठ्या न उडणाऱ्या पक्ष्याला, लावतो. कोंबड्यांत नर आरवतो, नर भांडतो, मादी खुडूक बसते, म्हणजे अंडी उबवायला बसते. इमूत मादी ढोल वाजवल्यासारखा आवाज काढते, मादीच नरासाठी दुसऱ्या मादीशी भांडते, आणि खुडूक बसतो तो नर. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं क्रमाने जमतं, म्हणून खाली क्रमानेच लिहितोय, मधली पायरी गाळू नका.

आमचा इमूंचा वाडा इंदूरहून सिमरोलच्या बाजूला आहे, त्यामुळे महिने आणि हवामान माळव्यातलं धरलंय. पक्षी घ्यायचे असतील तर आधी जिल्ह्याच्या पशुपालन कार्यालयात जाऊन नियम आणि परवानगीचं विचारून या, हे काम नंतरवर टाकू नका.

१. आधी कॅलेंडर नीट लावा

इमू मूळचा ऑस्ट्रेलियाचा, तिथे जोड्या डिसेंबर-जानेवारीत जमतात आणि अंडी साधारण एप्रिल ते जूनमध्ये येतात, म्हणजे तिथला थंडीच्या तोंडावरचा काळ. आपल्याकडे ऋतू उलटे. इमूला दिवस लहान व्हायला लागले की कळतं, त्यामुळे आपल्याकडे अंडी ऑक्टोबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत येतात. नेटवर बघून मार्चमध्ये ब्रीडरचं (अंड्यावर येणाऱ्या जोड्यांचं) महाग खाद्य सुरू करणारे लोक मी बघितलेत, तो सगळा पैसा वाया, कारण तेव्हा आपला हंगाम संपत आलेला असतो.

मी सणांवरून लक्षात ठेवतो. गणपती उठले की जागा आणि खाद्याची तयारी, पितृपक्ष संपेपर्यंत जोड्या आपापल्या वाड्यात, दसरा-दिवाळीला आवाज आणि पहिली अंडी, होळीला हंगाम बंद.

वय पण बघा. इमू दीड-दोन वर्षांनी वयात येतो, काहींना तिसरं वर्ष लागतं. पहिल्या हंगामात अंडी कमी येतात आणि त्यातली बरीच रिकामी निघतात. पहिल्याच वर्षी हिशेब मांडून निराश होऊ नका.

सावधान: वाड्यावर रात्रभर हॅलोजन लावू नका. चोरीच्या भीतीने लोक लावतात ते समजतं, पण दिवस लहान झालाय हे त्या पक्ष्याला कळायला रात्रीचा अंधार लागतो. लाईट गेटवर लावा, वाड्याच्या आत उजेड येणार नाही असा.

२. जागा

एका जोडीला साधारण १०० फूट लांब आणि २५ फूट रुंद वाडा. लांबी महत्त्वाची, कारण हा पक्षी पळणारा आहे आणि नर-मादीचा एकमेकांमागे धावायचा खेळ याच काळात चालतो. कुंपण ६ फुटी जाळीचं, भोकं इतकी बारीक की डोकं अडकणार नाही. काटेरी तार अजिबात नको, मान फाटते.

आपल्याकडची काळी माती पावसात कशी होते ते सांगायला नको. इमूचा सगळा भार दोन पायांवर, पाय घसरला आणि सांधा गेला की तो पक्षी संपलाच. खाण्याच्या जागेभोवती आणि कुंपणालगत मुरूम टाकून घ्या, पाण्याला उतार द्या, हे पावसाळ्याच्या आधीच.

एका कोपऱ्यात तीन बाजूंनी आडोसा आणि वर छप्पर अशी जागा करा, नर घरटं बहुतेक तिथेच करतो. शेजारी गव्हाचं काड, वाळलेलं गवत, सागाची सुकी पानं असा ढीग टाकून ठेवा. घरटं तुम्ही बांधू नका, सामान द्या, तो त्याच्या मनासारखं पसरतो.

३. नर-मादी ओळखणं, ही सगळ्यात महत्त्वाची पायरी

इथे मी जास्त वेळ घेणार आहे कारण नुकसान इथेच होतं.

आधी कशावरून ओळखायचं नाही ते. उंचीवरून नाही. मादी सरासरीने नरापेक्षा थोडी मोठी आणि जड असते हे खरं, पण फरक इतका थोडा आणि एकमेकांत मिसळलेला असतो की समोरच्या दोन पक्ष्यांबद्दल तो काहीच सांगत नाही. पिसांवरून नाही, दोघं सारखेच दिसतात. शांत आहे म्हणून मादी आणि आडदांड आहे म्हणून नर, हे तर बिलकुल नाही, इमूत बरेचदा उलटंच असतं.

आम्ही पहिल्यांदा सहा पक्षी घेतले तेव्हा विकणाऱ्याने तीन जोड्या म्हणून पायात पट्ट्या बांधून दिल्या, लाल नर, पिवळी मादी. आम्ही तसेच तीन वाड्यांत सोडले. अख्खा हिवाळा एका वाड्यात नुसती शांतता, दुसऱ्यात रोज मारामारी, तिसऱ्यात फेब्रुवारीत चार अंडी. पुढच्या नोव्हेंबरात मी पहाटे स्टूल घेऊन मारामारीच्या वाड्याबाहेर बसलो. उजाडताना आवाज सुरू झाला, रिकाम्या सिंटेक्सच्या टाकीवर मूठ आपटावी तसा, ढम... ढम... ढमढम, आणि मी लाल पट्टीच्या त्या उंच पक्ष्याकडे बघत होतो, त्याची चोच बंद होती, पण मानेचा खालचा भाग प्रत्येक ठोक्याला फुगत होता, सायकलच्या ट्यूबला फुगा यावा तसा. ती मादी होती. पाचच मिनिटांत पिवळी पण वाजायला लागली. म्हणजे दोन्ही माद्या, आणि शांत वाड्यातले दोघं नर. पट्ट्यांवर विश्वास ठेवून आमचं एक वर्ष गेलं, दोन वाड्यांचं खाद्य गेलं, आणि त्या दोन माद्यांनी एकमेकींच्या पाठीची पिसं उपटून काढली होती ते वेगळंच.

आता बरोबर पद्धत.

आवाजावरून (वर्ष-दीड वर्षापुढच्या पक्ष्यांसाठी)

मादीच्या श्वासनलिकेला पुढच्या बाजूला एक फट असते आणि तिच्यावर हवेची पिशवी. मान फुगवून ती त्या पिशवीतून खोल ढमढम आवाज काढते, रात्री शांततेत तो दीड-दोन किलोमीटरपर्यंत जातो. नराचा आवाज वेगळा, तो घुरघुरतो, डुकरासारखं घों-घों करतो. एकदा दोन्ही ऐकलेत की कधी चूक होणार नाही.

पण ऐकायचं कसं ते नीट करा:

१. प्रत्येक पक्ष्याच्या पायाला वेगळ्या रंगाची किंवा नंबरची पट्टी आधी बांधा. नर-मादी लिहू नका, फक्त नंबर.
२. पहाटे आणि संध्याकाळी, ऑक्टोबरपासून पुढे, रोज वीस-पंचवीस मिनिटं बाहेर बसा. किमान तीन-चार दिवस.
३. कान आवाजाकडे, पण डोळे मानेवर. मान फुगली तीच वाजली. चोच बंद असते त्यामुळे तोंडाकडे बघून कळत नाही.
४. वहीत लिहा: नंबर, तारीख, ढम की घुर्र.
५. एकाच पक्ष्याची नोंद दोन वेगळ्या दिवशी सारखी आली की मगच पक्कं धरा.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे कळपात आवाज ऐकून जवळच्या पक्ष्याच्या नावावर टाकणं. खोल आवाजाची दिशा कानाला पटकन कळत नाही. शंका असेल तर एकेकाला वेगळं करून ऐका.

आणि न वाजणारा पक्षी म्हणजे नर, असं धरू नका. वयात न आलेली मादी पण गप्प असते. नर तेव्हाच म्हणा जेव्हा घुरघुर ऐकलीत. पिल्लं तर नुसती शीळ घातल्यासारखी ओरडतात, त्यावरून काहीच कळत नाही.

रंगावरून, पण फक्त जोडपुरावा म्हणून

हंगामात मादीच्या डोक्याची आणि मानेच्या वरच्या भागाची पिसं जास्त काळी दिसतात आणि डोळ्याखालची, चोचीजवळची उघडी कातडी गडद निळी होते. नराची कातडी पण थोडी निळसर होते म्हणून नुसत्या रंगावर जोडी लावू नका. आवाज आणि रंग जुळले तर चांगलंच.

गुदद्वार तपासून

लहान पिल्लांसाठी हाच मार्ग, आणि पहिल्या काही दिवसांत सोपा जातो. पिल्लू उलटं धरून गुदद्वाराची कड हलक्या बोटाने उघडतात, नराला आत छोटं टोकदार लिंग दिसतं, मादीला अगदी बारीक उंचवटा. वाचायला सोपं आहे, करायला नाही. दोन्हीतला फरक इतका बारीक की नवखा माणूस चुकतो, आणि जोरात दाबलं तर पिल्लाला इजा होते. हे करून बघितलेल्या माणसाकडून शिका, महूच्या पशुवैद्यक कॉलेजात चौकशी करता येईल, पक्ष्यांचं काम करणारा डॉक्टर असेल तर त्याच्या हाताखाली दहा-बारा पिल्लं तपासा मग स्वतः करा.

मोठ्या पक्ष्याची तशी तपासणी करायची तर दोन-तीन माणसं, हातमोजे, आणि पकडणं बरोबर पाहिजे. इमू पुढे लाथ मारतो आणि नखं भयंकर असतात, समोरून कधीच जाऊ नका. बाजूने किंवा मागून जाऊन त्याचे छोटे पंख धरायचे आणि अंगाशी घट्ट ओढून घ्यायचा. पाय धरायचे नाहीत.

सावधान: पकडापकडी फक्त पहाटेच्या गारव्यात. दुपारी पळवून पळवून पकडलेला इमू वरून ठीक दिसतो, पण अति श्रमाने त्याचे स्नायू निकामी होऊ शकतात आणि दोन दिवसांनी तो उठत नाही.

डीएनए टेस्ट

पोपटांसाठी पिसं पाठवून करतात ती टेस्ट बरेच लोक इमूला पण चालेल असं समजतात. पोपट, कबुतरांत ज्या जीनवरून नर-मादी ओळखतात तो इमू आणि शहामृगात नर-मादीत वेगळा दिसतच नाही, त्यामुळे नेहमीच्या टेस्टचा रिपोर्ट इमूसाठी निरुपयोगी. पैसे भरायच्या आधी लॅबला सरळ विचारा, इमू-शहामृगासाठी तुमच्याकडे वेगळी टेस्ट आहे का. हो म्हणाले तरच पाठवा.

तपासून बघा: या पायरीच्या शेवटी वहीत प्रत्येक नंबरासमोर न किंवा मा आणि कशावरून ठरवलं ते लिहिलेलं पाहिजे. एकासमोर जरी प्रश्नचिन्ह असेल तर त्याला जोडीत टाकू नका.

४. जोडी लावणं

एका वाड्यात एक नर एक मादी, इतकंच. एका नराला दोन माद्या दिल्या तर जास्त अंडी येतील हा कोंबडीचा हिशेब. इमूच्या माद्या नरासाठी एकमेकींना मारतात, अंडी सोडाच, जखमा होतात. जंगलात एक मादी एकामागून एक वेगवेगळ्या नरांशी जमते, पण तिथे जागा अफाट असते.

एकाच घरातली भावंडं जोडीला लावू नका. दोन वेगळ्या ठिकाणांहून पक्षी घेण्याचं कारण हेच.

जमल्यास माद्यांना आधी निवडू द्या. एका मोठ्या वाड्यात वयात आलेले पक्षी काही आठवडे एकत्र ठेवले की कोण कोणाबरोबर चरतंय, बसतंय ते दिसतं, दोघं सतत दहा-पंधरा फुटांच्या आत दिसले की त्यांना एकत्र हलवा. अशी जमलेली जोडी आपण ठरवलेल्या जोडीपेक्षा लवकर अंड्यावर येते, हा माझा स्वतःचा अनुभव. पण हे एकत्र ठेवणं पावसाळ्यातच उरका, माद्या वाजायला लागल्यावर नाही.

हलवताना दोघांनाही नव्या वाड्यात, एकाच वेळी. मादीच्या जुन्या वाड्यात नर सोडला तर ती त्याला कुंपणाला लावून मारते.

जमलंय हे असं ओळखा: मादी मान खाली वाकवून नराभोवती फिरते, ढमढम करते, नर मान लांब करून पिसं फुगवतो आणि तिच्या मागे जातो, शेवटी मादी खाली बसते आणि नर मागून येतो. मादी वाजतेय आणि नर लांब पळतोय, कोपरे धरतोय, असं आठ-दहा दिवस दिसलं तर जोडी बदला. थांबून काही होत नाही, नराला मार बसतो फक्त.

५. खाद्य, आणि नराचा साठा

हंगामाच्या तीन-चार आठवडे आधी ब्रीडर खाद्य सुरू करायचं, प्रथिनं २० ते २१ टक्के. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, मादी लागेल तसा उचलते. सोबत हिरवं, मेथी, लसूणघास, जे मिळेल ते बारीक चिरून.

लोक सगळं लक्ष मादीवर देतात कारण अंडी ती देते. पण नराला पुढे आठ आठवडे उपाशी बसायचं असतं आणि तो पूर्णपणे अंगावरच्या चरबीवर जगतो. त्यामुळे उन्हाळा-पावसाळ्यात नर भरला पाहिजे. सप्टेंबरात पाठीवर हात ठेवा (शांत पक्षी असेल तर), कण्याच्या दोन्ही बाजूंना भरीव लागायला हवं, कणा धारदार लागला तर या हंगामात त्याला अंड्यांवर बसवू नका.

हंगाम सुरू झाल्यावर दोघांचंही खाणं कमी होतं. घाबरू नका, जबरदस्ती करू नका.

६. अंडी उचलणं

अंडं बहुतेक संध्याकाळी पडतं, साडेपाच ते सातच्या दरम्यान. साधारण तीन दिवसांनी एक. रंग गडद हिरवा, वजन ४७५ ते ६५० ग्रॅमच्या आसपास. पहिल्यांदा हातात घेतलं की दगड घेतल्यासारखं वाटतं.

अंधार पडला की टॉर्च घेऊन जा, दोन माणसं. एक जण झाडाची फांदी किंवा फळी पुढे धरून नराला बाजूला ठेवतो, दुसरा उचलतो. नर अंड्यांवर पानं, काड टाकून झाकून ठेवतो, म्हणून नुसतं बघून परत येऊ नका, घरट्यात हात फिरवून मोजा. आमच्याकडे एक अंडं काडाखाली नऊ दिवस राहिलं होतं.

उचललं की पेन्सिलने वाड्याचा नंबर आणि तारीख. मार्कर नको.

अंडं धुवायचं नाही. मळलेलं असेल तर सुक्या फडक्याने पुसा. कवचाला बारीक छिद्रं असतात, ओलं केलं की घाण आत ओढली जाते आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अंडं सडतं. अंडी उबवायच्या मशीनमध्ये एक सडलेलं अंडं फुटलं तर वास तर येतोच पण बाकीची पण जातात.

साठवायचं असेल तर १५-१६ अंश सेल्सियसला, आडवं, दहा दिवसांपेक्षा जास्त नाही, रोज एकदा बाजू बदलून. फ्रिजमध्ये नाही, फ्रिज फार थंड. डिसेंबर-जानेवारीत आपल्या घरातली उत्तरेकडची खोली बरेचदा एवढीच गार असते, थर्मामीटर लावून खात्री करा.

७. आता ठरवा: नर बसवायचा की मशीन

दोन्ही एका जोडीत एकाच वेळी होत नाही. अंडी उचलत राहिलात तर नर बसत नाही आणि मादी देत राहते. घरट्यात अंडी जमू दिलीत तर काही अंड्यांनंतर नर खुडूक होतो, मादीशी संबंध बंद, म्हणजे त्या जोडीची अंडी पण जवळपास बंद. ज्यांना भरपूर पिल्लं हवीत ते मशीन लावतात. एक-दोन जोड्या असतील तर मी नर बसवा असंच सांगतो, कारण त्याच्याइतकं काळजीपूर्वक कुठलंच मशीन करत नाही.

७अ. नर बसवणं

घरट्यात आठ-नऊ अंडी झाली की बास. ज्या दिवशी नर बसून राहिला, उठेना, ती तारीख लिहा आणि तेव्हाच्या सगळ्या अंड्यांवर पेन्सिलने खूण करा. त्यानंतर आलेलं अंडं काढून घ्या, कारण पहिली पिल्लं निघाली की नर उठतो आणि मागे राहिलेलं अंडं थंड पडतं.

पुढे साधारण ५६ दिवस. या काळात नर जवळजवळ काही खात नाही, पीत नाही, फक्त दिवसातून दहा-एक वेळा उभा राहतो आणि चोचीने अंडी फिरवतो. एकतृतीयांश वजन उतरतं.

आमच्याकडे काम करणारा पोरगा पहिल्या वर्षी अकराव्या दिवशी धावत आला, "भिया, ये नर तो कुछ खा ही नी रिया, मर जाएगा." मी त्याला संध्याकाळी घेऊन गेलो आणि आम्ही दोघं कुंपणाबाहेर उकिडवे बसलो. तासाभराने नर उठला, पाय ताठ करून एक क्षण थांबला, मग मान खाली घातली आणि एकेक अंडं चोचीच्या खालच्या बाजूने स्वतःकडे ओढत फिरवलं, सगळी झाल्यावर बाहेरचं एक आत सारलं, आणि इतका हळू खाली बसला की काड वाजलं नाही. त्यानंतर त्या पोराने औषधाचं नाव काढलं नाही, उलट बाकी कोणी त्या बाजूला मोठ्याने बोललं तरी तोच रागवायचा.

तुमचं काम इतकंच: घरट्यापासून आठ-दहा फुटांवर पाणी आणि थोडं खाद्य, घेतलं तर घेतलं. रोज लांबून बघा. जवळ गेलं की मान वर करतो, डोळे तेज आहेत, फिरवायला स्वतः उठतो, म्हणजे सगळं ठीक. उठताना पाय थरथरतात, परत परत पडतो, मान जमिनीवर टाकून ठेवतो, असं दिसलं तर डॉक्टर बोलवा आणि अंडी मशीनला न्या.

मादीचं काय? काही माद्या शांत बाजूला राहतात, काही घरट्यात येऊन त्रास देतात, अंड्यांवर पाय देतात. त्रास देणारी असेल तर मध्ये जाळी टाका. तिला दुसरा मोकळा नर द्यायचा असेल तर वेगळ्या वाड्यात, पायरी ४ प्रमाणे.

७ब. मशीन लावणं

कोंबडीच्या सेटिंगवर इमूची अंडी ठेवू नका. कोंबडीला साडेनव्व्याण्णव फॅरेनहाइट आणि ५५-६० टक्के दमटपणा लागतो, इमूला ९६ ते ९७ फॅरेनहाइट, म्हणजे ३५.५ ते ३६ सेल्सियस, आणि दमटपणा ३० ते ४० टक्के. दिवस ५० ते ५२.

१. अंडी घालायच्या आधी मशीन दोन दिवस रिकामं चालवा, दुसऱ्या थर्मामीटरने ताडून बघा.
२. साठवलेली अंडी आधी काही तास खोलीत ठेवून मग आत. थेट घातली तर कवचावर घाम येतो.
३. आडवी ठेवा. ४८ व्या दिवसापर्यंत दर तासा-दोन तासांनी फिरवणं, ऑटो असेल तर खरंच फिरतंय ना ते पेन्सिलच्या खुणेवरून बघा.
४. घालताना प्रत्येक अंड्याचं वजन लिहा, मग दर आठवड्याला.

वजनावर इतका जोर यासाठी की कवच गडद हिरवं असल्यामुळे साध्या टॉर्चने आतलं काही दिसत नाही. इन्फ्रारेडवाला व्ह्यूअर असेल तर दिसतं, नसेल तर वजनकाटाच तुमचा डोळा. पूर्ण काळात अंडं १० ते १५ टक्के हलकं व्हायला हवं. ६०० ग्रॅमचं असेल तर एकूण ६० ते ९०, म्हणजे आठवड्याला साधारण ८ ते १२ ग्रॅम. कमी उतरतंय म्हणजे आत दमट जास्त, पाण्याचा ट्रे काढा, नाहीतर पिल्लू सुजलेलं निघतं आणि शेवटी गुदमरतं. जास्त उतरतंय तर थोडं पाणी ठेवा. माळव्याची थंडी कोरडी असते, ऑक्टोबरात बिनपाण्याचं चालतं आणि जानेवारीत थोडं लागतं असं होऊ शकतं, म्हणून मागच्या महिन्याची सेटिंग डोळे झाकून चालू ठेवू नका.

लाईट गेली तर मशीन उघडू नका. अंडं मोठं असतं, सावकाश थंड होतं, तासभर गेली तर फरक पडत नाही. लाईट आल्यावर भरपाई म्हणून तापमान वाढवू नका, थंडीपेक्षा जास्त गरमीने गर्भ लवकर मरतो. इन्व्हर्टर मात्र लावून घ्याच, पन्नास दिवसांचा प्रश्न आहे.

४८ व्या दिवशी फिरवणं बंद. आतून टकटक आणि शीळ ऐकू येते, अंडं हलतं. तेव्हा हात शिवशिवतात, पण कवच फोडायला जाऊ नका, पिवळा बलक पोटात ओढला गेलेला नसेल तर रक्त जातं.

८. पिल्लं

ओली पिल्लं मशीनमध्येच सुकू द्या. पहिले दोन-तीन दिवस पोटातल्या बलकावर निघतात, खाद्याची घाई नको. मग स्टार्टर (लहान पिल्लांचं) खाद्य आणि उथळ भांड्यात पाणी. ऊब पहिले दहा दिवस ९० फॅरेनहाइट, मग तीन-चार आठवडे ८५.

जमिनीवर गोणपाट टाका. वर्तमानपत्र किंवा गुळगुळीत फरशी नको, पाय दोन्हीकडे फाकतात आणि ते नंतर सरळ होत नाहीत.

नराखाली निघाली असतील तर त्याच्याकडेच राहू द्या, तोच महिनोनमहिने सांभाळतो. फक्त मादीला त्याच दिवशी वाड्याबाहेर काढा. पिल्लं असलेला नर मादीलाही जवळ येऊ देत नाही आणि माणसालाही नाही, रोज दाणा टाकणाऱ्यालासुद्धा. आत जाताना फळी पुढे धरूनच. त्याचं खाणं हळूहळू वाढवा, आठ आठवडे रिकामं पोट आहे.

गुदद्वार तपासणी करायची ती पिल्लं सुकून पायावर उभी राहिली की पहिल्या काही दिवसांत, जाणकाराकडून. अंगावरचे पट्टे तीन महिन्यांत जातात, त्यानंतर सगळी सारखी दिसायला लागतात आणि भावंडं कुठली हे कळत नाही, म्हणून वाड्याच्या नंबरची पट्टी त्याआधीच बांधा. पाय पटापट जाड होतात, दर पंधरा दिवसांनी पट्टी सोडून सैल बांधा, कातडीत रुतलेली पट्टी मी दोनदा कापून काढली आहे.

होळीच्या सुमाराला ढमढम कमी होत जातं. मग ब्रीडर खाद्य बंद करून साधं सुरू करा आणि जोड्या मोकळ्या वाड्यात सोडा. मोठ्यांच्या पट्ट्या पायावरच राहू द्या, फक्त घट्ट झाल्यात का ते बघा.